थीममधले बदल उडतात किंवा दिसतच नाहीत: दुखणं नेमकं कुठे असतं

माझ्या वर्डप्रेस ब्लॉगच्या फूटरमधली, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीतली, एक ओळ मी लागोपाठ तीन वेळा लिहिली. पहिल्यांदा थीमच्या (ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचाच्या) फूटर डॉट पीएचपी या फाइलीत शिरून लिहिली, ब्लॉगवर दिसली, खूश झाले. काही आठवड्यांनी बघते तर थीम बनवणाऱ्याची जुनी ओळ परत जागेवर. वाटलं, आपणच सेव्ह करायला विसरलो असू. पुन्हा लिहिली, पुन्हा गायब. तिसऱ्या वेळी तारीख टिपून ठेवली, तेव्हा कळलं की ओळ उडाली त्याच दिवशी थीमचं नवं व्हर्जन आलं होतं. अपडेट होताना वर्डप्रेस थीमचं जुनं फोल्डर काढून टाकतं आणि तिथे नवं आणून ठेवतं. त्या फोल्डरात तुम्ही हाताने जे काही लिहिलं असेल ते त्याच्याबरोबर जातं. विचारणाबिचारणा काही नाही.

त्यात ५.५ या व्हर्जनपासून, म्हणजे २०२० पासून, थीम आपोआप अपडेट करायची सोय डॅशबोर्डमध्येच, म्हणजे मालक जिथून ब्लॉग सांभाळतो त्या पानांतच, आली. अपडेट आलंय का हे वर्डप्रेस दिवसातून दोनदा तपासतं. ती सोय चालू असेल तर बदल रात्रीत उडतो आणि सकाळी आपण स्वतःच्या स्मरणशक्तीवर संशय घेत बसतो. यावर ‘अपडेट बंद करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. जुन्या थीममधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड्या ठेवायच्या, त्याही एका ओळीपायी, हा सौदा महागात पडतो.

थीमबद्दलच्या तक्रारी वरवर निरनिराळ्या दिसतात: रंग बदलत नाही, लोगो गेला, फाइल बदलली तरी पान तसंच. माझ्या अनुभवात त्यातल्या बहुतेकींचं मूळ एकाच प्रश्नात निघतं. तुम्ही केलेला बदल साठवला कुठे गेलाय? थीमच्या फाइलीत, डेटाबेसमध्ये, की कॅशेमुळे, म्हणजे पान झटकन दिसावं म्हणून साठवून ठेवलेल्या प्रतींमुळे, तुम्ही जुनीच प्रत बघताय? हे कळेपर्यंत इलाज करायला जाणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

उडाला आहे की नुसता दिसत नाही?

पहिला फरक हा करा. ब्लॉगचं पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा म्हणजे पानाचा सोर्स, त्याच्या मागचा कोड, दिसेल. रंग, फॉन्ट, आकार ठरवणारे नियम म्हणजे सीएसएस. ‘अतिरिक्त सीएसएस’च्या खिडकीत लिहिलेला नियम बहुतेक वेळा तिथेच सापडतो. थीमच्या स्टाईल डॉट सीएसएसमध्ये लिहिला असेल तर सोर्समधला त्या फाइलीचा दुवा उघडून आत शोधा. नियम तिथे आहे आणि तरी रंग बदलत नाही, तर भानगड सीएसएसची. नियमच नाही, पण डॅशबोर्डमध्ये तो सेव्ह झालेला दिसतोय, तर कॅशे. डॅशबोर्डमध्येही नाही, तर मात्र तो खरंच उडालाय.

कॅशेच्या बाबतीत एक लक्षण हमखास फसवतं: ‘मला नवीन दिसतं, वाचकांना जुनंच दिसतं.’ कॅशेची बहुतेक प्लगइनं (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) लॉग-इन केलेल्या माणसाला साठवलेली प्रत देत नाहीत, ताजं पान तयार करून देतात. म्हणून मालकाला सगळं ठीक दिसतं आणि बाकीच्यांना कालचं पान मिळत राहतं. याच्या उलट, सगळ्यांना नवीन आणि तुम्हालाच जुनं दिसत असेल, तर दोष तुमच्या ब्राउझरचा. खात्री करायला इन्कॉग्निटो खिडकीत, लॉग-इन न करता बघा. आधीच्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद करून बघा, कारण उघड्या खिडक्यांची कॅशे सामायिक असते.

कॅशे रिकामी करायची ती आतून बाहेर या क्रमाने. आधी प्लगइनची, मग होस्टिंगच्या पॅनेलमधली, मग सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) वापरत असाल तर त्याची, आणि सगळ्यात शेवटी ब्राउझरची. लोक नेमकं उलटं करतात. ब्राउझर आधी साफ केला की तो सीडीएनकडून तीच शिळी प्रत पुन्हा उचलून आणतो, आणि मग ‘कॅशे साफ केली, तरी फरक नाही’ अशी तक्रार येते. थीमवर काम चाललेलं असताना सीएसएसच्या फाइली एकत्र करून बारीक करणारं प्लगइन सरळ बंद ठेवा. काम संपलं की चालू करा.

फाइलीत हात घालायचा असेल तर चाइल्ड थीम

फाइलीतला बदल टिकवायचा मार्ग म्हणजे चाइल्ड थीम. मूळ थीमला हात न लावता शेजारी एक छोटं फोल्डर करायचं आणि आपले बदल त्यात ठेवायचे. मूळ थीम अपडेट झाली तरी या फोल्डराला कुणी शिवत नाही. कल्पना साधी आहे, पण अडायच्या जागा तीन-चार आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा त्याच असतात.

पहिली जागा नावाची. चाइल्ड थीमच्या स्टाईल डॉट सीएसएसच्या माथ्यावर दोन ओळी लागतात: थीमचं नाव आणि ‘टेम्प्लेट’. या दुसऱ्या ओळीत मूळ थीमच्या फोल्डराचं नाव जसंच्या तसं यायला हवं. डॅशबोर्डमध्ये दिसणारं छानसं नाव तिथे चालत नाही. लहान-मोठी अक्षरं वेगळी पडली तरी बहुतेक सर्व्हरवर काम अडतं. मूळ थीम गिटहबवरून (कोड ठेवायच्या साइटवरून) झिप करून उतरवली असेल तर फोल्डराच्या नावाला ‘मेन’ किंवा ‘मास्टर’ असं शेपूट लागलेलं असतं, आणि मग वर्डप्रेस ‘पेरेंट थीम सापडत नाही’ म्हणत राहतं. थीम समोर दिसत असताना! फोल्डराचं नाव दुरुस्त केलं की काम झालं.

दुसरी जागा सजावटीची. चाइल्ड थीम चालू केली आणि ब्लॉग एकदम उघडाबोडका दिसायला लागला, तर समजा की मूळ थीमची सीएसएस लोड होत नाहीये. काही थीम ‘सध्या चालू असलेल्या थीमची स्टाईल फाइल आण’ असं सांगतात. चाइल्ड चालू केल्यावर त्या सांगण्यातून तुमची जवळजवळ रिकामी फाइल येते आणि मूळची बाहेर राहते. काही थीम नेमकी मूळ फाइलच मागवतात, मग तुमची येत नाही. कुठला प्रकार आहे ते मूळ थीमच्या फंक्शन्स डॉट पीएचपीमध्ये बघून कळतं. जी फाइल येत नाही ती चाइल्डच्या फंक्शन्स फाइलीतून मागवायची, आणि तुमची स्टाईल मूळ स्टाईलवर अवलंबून आहे असं तिथेच नोंदवायचं. ही नोंद विसरू नका. चाइल्डची फंक्शन्स फाइल मूळच्या आधी चालते, त्यामुळे अवलंबित्व सांगितलं नाही तर तुमची सीएसएस आधी येते आणि मूळची नंतर येऊन तिच्यावर बोळा फिरवते. जुन्या लेखांत सापडणारी ‘इम्पोर्ट’ची, म्हणजे एका सीएसएस फाइलीच्या आतून दुसरी ओढून आणायची, पद्धत आता वापरू नये, तिने पान विनाकारण मंदावतं.

तिसरी जागा फंक्शन्स फाइलीचीच. फूटर किंवा सिंगल (एका लेखाचं पान) यांसारखी टेम्प्लेट फाइल, म्हणजे पानाचा साचा, चाइल्डमध्ये ठेवली की ती मूळच्या जागी वापरली जाते. फंक्शन्स डॉट पीएचपीचं तसं नाही. दोन्ही फाइली चालतात. म्हणून मूळची अख्खी फंक्शन्स फाइल चाइल्डमध्ये नक्कल करून ठेवली की एकच फंक्शन दोनदा जाहीर होतं आणि ब्लॉग कोसळतो. चाइल्डच्या फाइलीत फक्त तुमची भर असू द्या.

चाइल्ड चालू केली आणि लोगोच गेला

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात भीती असते. घाबरू नका, लोगो हरवलेला नाही.

२०१२ मध्ये ३.४ या व्हर्जनबरोबर कस्टमायझर, म्हणजे थीमचं रंगरूप बघत बघत बदलायची खिडकी, आला. त्यात तुम्ही ठरवता ते रंग, हेडरचं चित्र, जुन्या पद्धतीच्या थीममधला लोगो, हे सगळं डेटाबेसमध्ये त्या थीमच्या नावाच्या नोंदीत साठतं. चाइल्ड थीम वर्डप्रेसच्या लेखी वेगळी थीम आहे, तिची नोंद कोरी असते. ब्लॉगचं नाव आणि साइट आयकॉन (ब्राउझरच्या टॅबवरचं चिन्ह) मात्र सगळ्या साइटसाठी मिळून एकाच ठिकाणी साठतात, ते टिकतात. म्हणून आयकॉन आहे, लोगो नाही, असं अर्धवट चित्र दिसतं आणि माणूस आणखी गोंधळतो. ४.९ पासून मेनू आणि विजेट (बाजूच्या किंवा तळाच्या पट्टीतले छोटे कप्पे) नव्या थीममध्ये शक्य तितके जुळवायचा प्रयत्न वर्डप्रेस स्वतः करतं, पण जागांची नावं वेगळी असली की तेही हुकतं. हुकलेले विजेट ‘निष्क्रिय विजेट’च्या कप्प्यात पडलेले असतात, तिथून ओढून आणायचे.

कस्टमायझरमधल्या ‘अतिरिक्त सीएसएस’चंही असंच. ही खिडकी २०१६ च्या अखेरीस ४.७ मध्ये आली. अपडेटने तिच्यातलं काही उडत नाही, म्हणून दोन-चार रंग आणि फॉन्टचा आकार एवढ्यासाठी चाइल्ड थीमचा खटाटोप न करता तीच वापरावी असं माझं मत. पण तीही थीमगणिक वेगळी असते. थीम बदलली की रिकामी खिडकी समोर येते. जुन्या थीमचा लाइव्ह प्रिव्ह्यू उघडा, तुमची सीएसएस तिथे जशीच्या तशी बसलेली दिसेल. कॉपी करा आणि नव्या थीममध्ये आणून टाका.

चाइल्ड करायचीच असेल तर पहिल्या दिवशी करा, रंगरंगोटीच्या आधी. उशीर झालाच असेल तर कस्टमायझरच्या प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घेऊन मग बदला. कंटाळवाणं काम आहे, पण रंगाचे सहा-सहा अंकी कोड कुणाच्या लक्षात राहतात?

फाइल बदलली, तरी पान ढिम्म

कॅशे साफ आहे, फाइल बरोबर जागी आहे, नवीन मजकूर फाइलीत दिसतोय, आणि पान मात्र जुनंच. थीम नव्या पद्धतीची, म्हणजे ब्लॉक थीम असेल तर उत्तर बहुधा साइट एडिटरमध्ये आहे.

जानेवारी २०२२ मध्ये ५.९ आलं आणि हेडर-फूटरसकट सगळी साइट ब्लॉकनी, म्हणजे मजकूर-चित्रांच्या सुट्या तुकड्यांनी, मांडायची सोय झाली. ‘ट्वेंटी ट्वेंटी-टू’ ही तशी पहिली डिफॉल्ट थीम. साइट एडिटरमध्ये तुम्ही एखादं टेम्प्लेट कधी काळी सेव्ह केलं असेल, अगदी एक मोकळी जागा वाढवून का असेना, तर त्याची प्रत डेटाबेसमध्ये तयार होते आणि त्यानंतर वर्डप्रेस तीच वापरतं. फाइलीकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही फाइल दिवसभर बदलत बसा.

साइट एडिटरमध्ये टेम्प्लेटच्या यादीत जा, त्या टेम्प्लेटच्या तीन टिंबांच्या मेनूत ‘रीसेट’ दिसतंय का बघा. दिसत असेल तर डेटाबेसमध्ये प्रत आहे. रीसेट करण्याआधी कोड एडिटरमधून त्यातला मजकूर कॉपी करून कुठेतरी ठेवा, मग रीसेट करा. फाइल लगेच बोलायला लागेल. टेम्प्लेट पार्ट (साच्याचे सुटे भाग) वेगळे साठतात, तेव्हा हेडर-फूटरसाठी तीही यादी तपासायला हवी.

हे बदलही थीमच्या नावाला बांधलेले असतात, म्हणजे ब्लॉक थीमची चाइल्ड चालू केल्यावर ते दिसेनासे होतात. त्यासाठी ‘क्रिएट ब्लॉक थीम’ हे प्लगइन कामाचं आहे. एडिटरमधले बदल ते थीमच्या फाइलींत उतरवून देतं, चाइल्ड थीमही बनवून देतं. आणि ब्लॉक थीममध्ये ‘अतिरिक्त सीएसएस’ शोधून सापडत नसेल तर ६.२ पासून ती साइट एडिटरच्या ‘स्टाइल्स’मध्ये, मेनूच्या आत दडलेली आहे.

सीएसएस आहे, पण लागू होत नाही

एफ-१२ दाबा, घटकावर उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ करा. तुमचा नियम दिसतोय पण त्यावर आडवी रेघ मारलेली आहे, तर थीमचा दुसरा नियम त्याच्यापेक्षा वजनदार आहे. आयडी म्हणजे एकाच घटकाला दिलेलं नाव, क्लास म्हणजे अनेकांना मिळून दिलेलं, टॅग म्हणजे घटकाचा प्रकार. आयडीचं वजन क्लासपेक्षा जास्त, क्लासचं नुसत्या टॅगपेक्षा जास्त. थीमने वापरलेला अख्खा सिलेक्टर (नियम कुठल्या घटकाला लागू आहे हे सांगणारा त्याचा सुरुवातीचा भाग) तिथूनच उचला आणि तुमचा नियम त्याच वजनाने लिहा. ‘इम्पॉर्टंट’ (इतर नियमांवर मात करणारा शब्द) लावून मोकळं होता येतं, मीही घाईत लावलंय, पण पाच ठिकाणी लावलं की सहाव्या ठिकाणी तुमचेच नियम एकमेकांच्या उरावर बसतात.

तुमचा नियम तिथे दिसतच नसेल तर लिहिण्यात चूक आहे. त्याच्या वरच्या नियमाचा महिरपी कंस बंद झालाय का बघा. सीएसएसमध्ये दोन तिरप्या रेघांची टिप्पणी चालत नाही, ती पुढचा नियमही आपल्याबरोबर घेऊन बुडते. आणि वर्ड प्रोसेसरमधून कोड चिकटवला असेल तर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झालेली असतात. डोळ्याला ती कळत नाहीत, ब्राउझरला कळतात.

मराठी मजकुराची खास दुखणी

बहुतेक थीम रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बेतलेल्या असतात. डेमोमध्ये देखणं दिसणारं शीर्षक मराठीत आलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आपटतो, रफार कापला जातो. शीर्षकाचा लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ किंवा १.२ ठेवलेला असतो, तो १.४ च्या पुढे न्या. मजकुराला मी १.७ किंवा १.८ ठेवते.

मेनूत किंवा शीर्षकात शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी सुटी दिसत असतील तर लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य करा. रोमन मोठ्या अक्षरांना जरा हवा खेळती राहावी म्हणून ते दिलेलं असतं, आपल्या लिपीत त्याने शब्दाचे तुकडे पडतात.

फॉन्टचं दुखणं जास्त छुपं. थीममध्ये ‘मुक्ता’ निवडलात, इंग्रजी आणि इंग्रजी आकडे बदलले, मराठी मात्र आहे तसंच. थीमने किंवा प्लगइनने त्या फॉन्टची फक्त लॅटिन फाइल उतरवून घेतलेली असते. मराठी अक्षरं मग प्रत्येकाच्या यंत्रातल्या फॉन्टमध्ये दिसतात, म्हणून तुमच्या फोनवर वेगळी आणि लॅपटॉपवर वेगळी. क्रोममध्ये इन्स्पेक्ट करून ‘कम्प्युटेड’च्या तळाशी गेलात की प्रत्यक्षात कुठला फॉन्ट वापरला गेला ते लिहिलेलं असतं. तिथे खात्री करा आणि देवनागरी संच जोडा. ठळक अक्षरं चिखल झाल्यासारखी दिसत असतील तर फॉन्टचं ठळक वजन लोडच झालेलं नाही, ब्राउझर साध्या अक्षराला जाड करून दाखवतोय. ‘क्ष’ आणि ‘ष’ यांची पोटं बुजली की हेच समजावं.

जाता जाता, सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा. काही फॉन्ट ती बघूनच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात.

बारीकसारीक, पण नेहमीचं

थीम अपलोड करताना ‘स्टाईल डॉट सीएसएस नाही’ असं म्हणत असेल तर तुम्ही बाहेरची झिप दिलीत. विकत घेतलेल्या थीमच्या झिपमध्ये माहितीपत्रकं आणि खरी थीम अशी आणखी एक झिप असते. ती बाहेर काढून द्या. मुखपृष्ठ डेमोसारखं दिसत नसेल तर ‘वाचन’ सेटिंगमध्ये स्थिर पान निवडायचं राहिलंय. जुन्या लेखांची चित्रं नव्या थीममध्ये वेडीवाकडी कापलेली दिसतात, कारण चित्राचे निरनिराळे आकार ते अपलोड होताना त्या वेळच्या थीमप्रमाणे तयार होतात. थंबनेल पुन्हा तयार करणारं प्लगइन एकदा चालवलं की सरळ होतात.

ब्लॉगरवर असाल तर तिथे सगळं थीमच्या एकाच कोडमध्ये असतं, जोडलेली सीएसएससुद्धा. थीम बदलली की जातं. बदलण्याआधी थीमच्या पानावरच्या मेनूतून बॅकअप उतरवून घ्या.

आणि फंक्शन्स फाइलीत अर्धविराम विसरून ब्लॉग पांढराफटक झाला, तर: ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, अशा वेळी वर्डप्रेस ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडचा दुवा पाठवतं. तो आला नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून त्या थीमच्या फोल्डराचं नाव बदला आणि डॅशबोर्डमधलं थीमचं पान उघडा. डिफॉल्ट थीम हजर असेल तर वर्डप्रेस तिच्यावर जातं. म्हणून एक डिफॉल्ट थीम कधीही पुसू नये, जागा कितीही कमी असो.

माझ्या फूटरचं पुढे काय झालं तेही सांगते. चाइल्ड थीम केली, फूटरची नक्कल त्यात ठेवली, ओळ टिकली. बऱ्याच महिन्यांनी मोबाइलवर मेनू उघडेनासा झाला. कॅशे साफ केली, प्लगइनं एकेक करून बंद केली, काही नाही. शेवटी मूळ थीमची फूटर फाइल आणि माझी नक्कल शेजारी ठेवून पाहिली. मूळ थीमने मोबाइल मेनूचा भाग मधल्या एका अपडेटमध्ये फूटरमध्ये हलवला होता, आणि माझ्या जुन्या नकलेत तो नव्हता. नक्कल पुसली, नवी घेतली, ती ओळ चौथ्यांदा लिहिली. आता फाइलीच्या माथ्यावर टिप्पणीत लिहून ठेवलंय की मूळच्या कुठल्या व्हर्जनवरून, कुठल्या तारखेला नक्कल केली आणि आतली नेमकी कुठली ओळ माझी आहे.